आधी दुरुस्तीची तरतूद, मग खरेदी

समग्र शिक्षा योजनेतला संगणक कक्षाचा निकष मुद्दाम वाचण्यासारखा आहे. कक्ष उभारायला एकदाच ६ लाख ४० हजार रुपयांपर्यंत आणि तो चालवायला दरवर्षी २ लाख ४० हजार, अशी पाच वर्षे. चालवण्याचाच खर्च १२ लाखांवर जातो, म्हणजे उभारणीच्या जवळपास दुप्पट. निकष लिहिणाऱ्याने हिशेब नीट मांडला आहे. पण जिल्ह्यात ‘शाळा डिजिटल करण्याची’ चर्चा सुरू झाली की ती पहिल्या आकड्यापुढे सरकत नाही. किती शाळांना पॅनेल (टीव्हीसारखा मोठा स्पर्शपडदा), किती टॅब, उद्घाटनाला कोण, एवढे ठरते. दुसरा आकडा कोण भरणार आणि सहाव्या वर्षी काय करायचे, हे कुणी विचारले की चहा येतो.

कोल्हापूर जिल्ह्यासाठी शैक्षणिक तंत्रज्ञानाचे धोरण करायचे असेल तर ते उलट्या टोकाकडून लिहावे. दुरुस्ती, वीज, माणूस आणि या तिन्हींसाठी दरवर्षी लागणारा पैसा आधी ठरवावा. त्यातून जेवढी यंत्रे सांभाळता येतील तेवढीच विकत घ्यावीत. आणि हे बाराही तालुक्यांसाठी एकाच साच्यात करू नये.

शाळेच्या हातात पैसा किती असतो ते पाहू. संयुक्त शाळा अनुदान ३० पटसंख्येपर्यंतच्या शाळेला वर्षाला १० हजार, त्यापुढे १०० पटापर्यंत २५ हजार. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. म्हणजे ऐंशी मुलांच्या शाळेकडे साडेबावीस हजार उरतात आणि त्यात खडू, नोंदवह्या, लाईट बिल, फुटलेली कौले, नळाची तोटी असे सगळे बसवायचे. वॉरंटी संपल्यावर पॅनेलचा मदरबोर्ड गेला तर दुरुस्तीचे बिल सहज पाच आकडी होते. मुख्याध्यापक अशा वेळी पॅनेलवर कापड टाकतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. शाहूवाडी, गगनबावडा, चंदगडच्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळा तर दहा हजारांच्या गटातल्या.

मग शैक्षणिक उठाव होतो. गावकरी, माजी विद्यार्थी, मुंबईकर मंडळी वर्गणी काढून प्रोजेक्टर देतात. आपल्याकडची ही चाल अभिमानाचीच आहे. अडचण एवढीच की देणगी वस्तूची मिळते, वस्तू चालवण्याची नाही. शाळा व्यवस्थापन समितीने साधा नियम करावा: देणगीची वस्तू स्वीकारताना तिच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी रक्कम देखभालीसाठी शाळेच्या खात्यावर जमा झाली पाहिजे. साठ हजारांचा प्रोजेक्टर द्यायची इच्छा असेल तर पंचेचाळीस हजारांचा द्या आणि पंधरा हजार खात्यावर ठेवा. त्यात पाच वर्षांतली बॅटरी, दिवा आणि वायरिंगची डागडुजी बरीचशी निघते.

ही चूक आपण याआधी केली आहे आणि टाळलीही आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा ‘साइट’ प्रयोग झाला. त्यात महाराष्ट्र नव्हता. बहुतेक गावांत त्याआधी टीव्ही कुणी पाहिलेला नव्हता. तरी तो प्रयोग चालला, कारण संच दुरुस्तीची केंद्रे, सुटे भाग आणि फिरते तंत्रज्ञ हे सगळे मूळ आराखड्यातच होते. पुढे २० सप्टेंबर २००४ ला खास शिक्षणासाठीचा ‘एज्युसॅट’ उपग्रह सोडला. २०१० मध्ये तो सेवेतून गेला आणि छतांवरच्या तबकड्या तशाच राहिल्या. शाळांतल्या संगणक कक्षांचे दशक त्यानंतरचे. कंपनीने कक्ष उभारायचा, पाच वर्षे चालवायचा, मग शाळेच्या हवाली करायचा, असा तो करार. मुदत संपल्यावर कंपनीने नेमलेला संगणक शिक्षकही गेला. मागे उरली यंत्रे. चालवणाऱ्याची नेमणूक कुठल्याच कागदावर नव्हती.

याच गावांत एक यंत्र मात्र दिवसातून दोनदा, बारा महिने चालते: दूध संस्थेतले फॅट मोजणारे यंत्र. तेही इलेक्ट्रॉनिकच, त्यालाही वीज लागते, तेही पावसाळ्यात कुरकुरते. पण ते दोन दिवसही बंद राहत नाही. त्याच्यावर दुधाचा दर ठरतो, ते हाताळायला पगारी माणूस आहे, दुरुस्तीचा खर्च संस्थेच्या हिशेबात आधीच धरलेला आहे आणि चुकीचे मोजले तर उत्पादक त्याच संध्याकाळी दारात येतो. शाळेतल्या पॅनेलसाठी यातले काय आहे? महिनाभर बंद राहिले तरी कुणाचे काही अडत नाही. ज्याच्यावाचून अडत नाही असे यंत्र शाळेत आणावेच कशाला, हा प्रश्न खरेदीच्या आधी विचारायचा आहे.

काय अडते आहे, हे ठरवणे म्हणजेच धोरणाचा अभ्यासाचा भाग. पेरूने लाखो मुलांना लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात ३१९ ग्रामीण शाळा तपासल्या, तेव्हा गणित आणि भाषेत फरक दिसला नाही. दिल्लीत मात्र शाळेनंतरच्या केंद्रांमध्ये, मुलाच्या खऱ्या पातळीचे प्रश्न देणारी संगणक प्रणाली वापरली. रोज नव्वद मिनिटे, त्यातली निम्मी प्रणालीवर आणि निम्मी शिकवणाऱ्या माणसाबरोबर. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत ठळक प्रगती दिसली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली दुसरी नोंद जास्त महत्त्वाची आहे: सहावीतली मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. सहावीचे पुस्तक कितीही रंगीत पडद्यावर दाखवले तरी तिसरी-चौथीच्या पातळीवरच्या मुलाला त्याचा उपयोग नाही. पेरूत वस्तू दिली होती. दिल्लीत एका नेमक्या अडचणीवर उपाय केला.

आपल्या जिल्ह्यात अशी नेमकी अडचण दोन ठिकाणी दिसते. एक, डोंगरी भागातल्या दोनशिक्षकी शाळा. शिक्षक पहिली-दुसरीला वाचन घेत असताना तिसरी-चौथीने काय करायचे? इथे आठ-दहा टॅब आणि पातळीनुसार सराव यांचा खरा उपयोग आहे. पंचाहत्तर इंची पॅनेलचा नाही, कारण ते एका वेळी एकाच वर्गाला पुरते आणि शेजारच्या वर्गाला त्रास देते. दुसरी, साखरपट्ट्यातल्या शाळा. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोड कुटुंबे हातकणंगले, शिरोळ, कागलमध्ये उतरतात. त्यांची मुले चार-पाच महिने इथे असतात. मूळ शाळेने दिलेले शिक्षण हमी पत्रक घेऊन मूल आले तरी त्याला किती वाचता येते, कुठला धडा झाला, हे इथल्या गुरुजींना कळत नाही. या मुलांची पातळी दोन्ही शाळांना दिसेल अशी एक साधी नोंद ऑनलाइन असली तर तिला पॅनेल लागत नाही, फोन पुरतो. खर्च जवळजवळ शून्य, उपयोग मोठा. आणि तिला रिबीन कापायचा समारंभ करता येत नाही, हाही तिचा एक गुणच.

आता जमिनीवरचा तपशील, कारण बहुतेक योजना तिथेच बसतात.

वीज. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॉट-तास असतात. बॅटरी टिकवायची तर त्यातले निम्मेच वापरायचे, आणि इन्व्हर्टरमध्ये थोडे जातात. हाती साडेसातशे-आठशे उरतात. अडीचशे वॉटचा प्रोजेक्टर आणि पन्नास वॉटचा लॅपटॉप त्यावर जेमतेम अडीच तास चालतात. उलट वीस टॅब पूर्ण चार्ज करायला सुमारे अर्धे युनिट, म्हणजे पाचशे वॉट-तास लागतात. भारनियमन नसले तरी पावसाळ्यात डोंगरी भागात वीज दिवसचे दिवस जाते, म्हणून गगनबावड्यासाठी आणि इचलकरंजीजवळच्या शाळेसाठी एकच यादी करणे चूक आहे. सौरऊर्जेचेही तसेच. एक किलोवॉटचे पॅनेल उन्हाच्या दिवशी चार युनिटे देते. जुलैत घाटमाथ्यावर त्यातले किती मिळते ते आकाश बघितले तरी कळते. तिथे सौर यंत्रणा जुलैच्या हिशेबाने बसवायची, एप्रिलच्या नाही.

अर्थिंग. ही गोष्ट कुठल्याच प्रस्तावात नसते आणि सर्वांत जास्त यंत्रे यानेच मरतात. जुन्या शाळाखोल्यांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या पिनेला वायरच नसते. असली तरी उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यातच एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो आणि शाळा बंद असल्याने प्लग तसेच भिंतीत असतात. म्हणून यंत्र यायच्या आधी वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी अर्थिंग दुरुस्त करावे. बोर्डात विजेचा अचानक झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर बसवावा. आणि सुट्टी लागताना विजेचा प्लगच नव्हे, इंटरनेटची वायरही काढून ठेवावी, कारण वीज त्या वाटेनेही आत येते.

टॅबच्या बॅटऱ्या मे महिन्यात मरतात. मुख्याध्यापक ३० एप्रिलला कपाट बंद करतात, १५ जूनला उघडतात. तोवर बॅटरी पूर्ण उतरून गेलेली असते आणि पुन्हा चार्ज घेत नाही. काही शाळा याउलट टॅब कायम चार्जिंगला ठेवतात. मग बॅटरी फुगते आणि पडदा उचलला जातो. अर्धा चार्ज करून ठेवणे आणि मेच्या मध्यावर एकदा तासभर लावणे, एवढेच करायचे आहे. पण ते ‘कुणी’ करायचे हे आदेशात लिहिलेले हवे. सुट्टीत शाळेची किल्ली कुणाकडे, हाही धोरणाचा विषय आहे.

इंटरनेट. तीस मुलांनी एकाच वेळी साधा व्हिडिओ पाहायचा तर मुलामागे पाऊण एमबीपीएस धरून वीस-बावीस एमबीपीएस अखंड लागतात. गगनबावड्याजवळच्या करूळ घाटाच्या अलीकडच्या वस्त्यांवर मोबाइलची रेंज धरायला झाडाखाली जावे लागते. अशा शाळांसाठी इंटरनेटशिवाय टॅबना व्हिडिओ पुरवणारी ‘ऑफलाइन पेटी’ हाच शहाणा मार्ग: रास्पबेरी पायसारखा हाताएवढा संगणक, ६४ जीबीचे कार्ड, त्यावर कोलिब्रीसारखी मोफत प्रणाली. दहा मिनिटांचा बऱ्यापैकी स्पष्ट व्हिडिओ चाळीस-पन्नास एमबीचा असतो. पाचशे व्हिडिओ पंचवीस जीबीत बसतात. पेटीला दहा वॉट पुरतात. बिघडते काय, तर वीज अचानक गेली की कार्डावरची माहिती खराब होते. म्हणून तिला छोटा यूपीएस हवा आणि कपाटात तसेच भरलेले दुसरे कार्ड हवे. कार्ड बदलायला दोन मिनिटे लागतात, तंत्रज्ञ लागत नाही. घरगुती राउटर मात्र घेऊ नये. पंधरा-वीस टॅब जोडले की तो गुदमरतो आणि दोष पेटीवर येतो.

पूर. शिरोळ आणि करवीरच्या नदीकाठच्या शाळांना हे वेगळे सांगायला नको. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा पन्नास फुटांच्या पुढे गेली होती. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पूररेषेतल्या शाळांसाठी नियम सोपा ठेवावा: ३९ फुटांची बातमी आली की यंत्रे वर. भिंतीत कायमचे ठोकलेले पॅनेल अशा शाळांना देऊच नये, चाकांच्या स्टँडवरचे किंवा पेटीत बसणारे द्यावे. ‘वर’ म्हणजे कुठे, हे जूनमध्येच ठरलेले असावे, कारण पुरात शाळेचाच वरचा मजला निवाऱ्याला दिलेला असतो. कृष्णाकाठच्या गावांनी आपल्या बाजूच्या नदीची पातळी धरावी. नृसिंहवाडीच्या संगमावर पाणी कोल्हापूरच्या आकड्यावर चालत नाही.

खरेदीच्या निविदेत बहुतेक वेळा इंच, रॅम आणि किंमत असते. तिथे पाच अटी घालाव्यात. पाच वर्षांची जागेवरची वॉरंटी. तक्रारीनंतर ७२ तासांत दुरुस्ती किंवा बदली यंत्र. उशिराला दिवसामागे दंड, आणि तो वसूल करता यावा म्हणून बिलाचा काही हिस्सा राखून ठेवलेला. अभ्यासक्रमाचा मजकूर परवान्याच्या नूतनीकरणाविना कायम चालणारा. नाहीतर दुसऱ्या वर्षी पडद्यावर ‘परवाना संपला’ एवढेच दिसते. आणि एकूण संख्येच्या पाच टक्के यंत्रे तालुक्याला सुटी राखीव. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. कायद्याच्या पोटातच अंमलबजावणी होती. शंभर वर्षांनी आपण लाखांचे करार विनादंड करतो, हे काही बरे दिसत नाही.

दुरुस्तीची यंत्रणा तालुक्याला हवी. गटशिक्षणाधिकारी कार्यालयात एक तंत्रज्ञ, एक मदतनीस, एक दुचाकी आणि सुट्या भागांचे कपाट. मदतनीस शिकाऊ उमेदवार म्हणून कळंबा रस्त्यावरच्या शासकीय आयटीआयमधून मिळू शकतो; शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ पासून आहेच. जिल्ह्याचा पगाराचा खर्च बारा तंत्रज्ञांचा. तो जड वाटत असेल तर तेवढी पॅनेल कमी घ्यावीत. ज्या शहराच्या उद्यमनगरात लेथवर कुठलाही सुटा भाग काढून मिळतो त्या शहराशेजारच्या शाळेचे यंत्र दुरुस्तीला पुण्याला जाऊन तीन महिने पडते, ही गोष्ट कुणालाच खटकू नये?

एक भीती मात्र शासनानेच घालवली पाहिजे, ती डेडस्टॉक रजिस्टरची, म्हणजे शाळेच्या कायम वस्तूंच्या नोंदवहीची. टॅब नोंदवहीत चढला की तो मुख्याध्यापकांच्या जबाबदारीवर. मुलाच्या हातून पडला, फुटला, तर भरपाई कोण देणार? म्हणून टॅब कपाटात सुरक्षित राहतो आणि सुरक्षित राहूनच जुना होतो. वर्षाला ठरावीक टक्के मोडतोड वापरातली धरली जाईल, त्याबद्दल वसुली होणार नाही, असा लेखी आदेश हवा. दहापैकी एक टॅब वर्षात मोडला तर तो वापरला जात होता, असे समजायला हरकत नाही. निर्लेखन, म्हणजे बाद वस्तू नोंदीतून काढणेही सोपे करावे. बंद पडलेले मॉनिटर वर्षानुवर्षे वर्गाची जागा अडवतात, कारण त्यांच्या कागदाला सह्या मिळत नाहीत. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, भंगारवाल्याला देणे त्यांत बसत नाही. तेव्हा वर्षातून एकदा तालुक्याने सगळे गोळा करून नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे पाठवावे.

शिक्षकांबद्दल दोनच गोष्टी. यंत्र जाणणाऱ्या एका हौशी शिक्षकावर शाळा चालते आणि त्याची बदली झाली की कक्षाला कुलूप लागते. बदलीच्या कार्यमुक्तीला यंत्रांचा पदभार, पासवर्ड आणि वापराचे प्रात्यक्षिक जोडा. प्रशिक्षणही ऑनलाइन प्रमाणपत्राने होत नाही, व्हिडिओ पुढे ढकलून ते मिळते हे सगळ्यांना माहीत आहे. दर महिन्याच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत पाऊण तास हातात यंत्र देऊन काम करून घ्यावे. दुसरी गोष्ट लिंकांची. ‘आज पाचपर्यंत लिंक भरा’ असे संदेश दिवसाला येत असतील तर शिक्षकाच्या लेखी तंत्रज्ञान म्हणजे माहिती भरण्याची वेठ. युडायस किंवा सरल या शासकीय ऑनलाइन नोंदींत एकदा भरलेली माहिती पुन्हा कुणी मागायची नाही, हे जिल्हा परिषद स्वतःच्या अधिकारात ठरवू शकते, आणि याला एक रुपया लागत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेची सध्या घाई आहे. वाचन ऐकून चुका दाखवणारी प्रणाली घ्यायची असेल तर ती आधी चंदगडच्या आणि गडहिंग्लजच्या सीमेवरच्या, घरात कन्नड बोलणाऱ्या मुलांवर चालवून पाहावी. पुस्तकी मराठीवर घडलेले यंत्र त्या मुलाच्या उच्चाराला चूक म्हणणार असेल तर ते न घेतलेले बरे. शिवाय २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीला पालकांची खातरजमा केलेली संमती मूळ नियम म्हणून ठेवली आहे. फुकट ॲप देणाऱ्या कंपनीला मुलांची नावे आणि आवाज कुणी दिले, हा प्रश्न उद्या मुख्याध्यापकांना विचारला जाईल. ॲपची परवानगी जिल्ह्याने द्यावी, शाळेवर सोडू नये.

उपयोग झाला की नाही हे कसे कळणार? किती यंत्रे वाटली, हे मोजमाप नव्हे. आठवड्याला किती तास चालले, किती दिवस बंद होते आणि मुलांची वाचन-गणिताची पातळी किती सरकली, हे तीन आकडे हवेत. तिसऱ्यासाठी सोपी रीत आहे. चाळीस शाळा निवडल्या तर सगळ्यांना एकदम देऊ नका. चिठ्ठ्या टाकून वीस शाळांना यंदा, वीसांना पुढच्या वर्षी. पायाभूत चाचणी आणि वर्षअखेरची संकलित चाचणी तशीही होतेच. दोन्ही गटांची तुलना केली की पुढची रक्कम द्यायची की थांबायचे ते ठरवता येते. चिठ्ठ्यांमुळे ‘माझ्या मतदारसंघाला आधी’ हा वादही मिटतो, निदान कमी होतो.

यातले बरेचसे शाळा व्यवस्थापन समितीच्या हातात आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा विकास आराखडा तिच्याकडे दिला आहे. तो तीन वर्षांचा असतो आणि केंद्र सरकारच्या नमुना नियमांप्रमाणे आर्थिक वर्ष संपायच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे ३१ डिसेंबरच्या आत तयार व्हायला हवा. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या बैठकीत तीन रकाने भरून घेतले तरी सुरुवात होईल: शाळेत आज कुठली यंत्रे चालू आहेत, कुठली बंद आणि का, आणि चालू ठेवायला पुढची तीन वर्षे दरसाल किती रुपये लागतील. तिसरा रकाना कोरा असेल तर नव्या यंत्राची मागणी गटशिक्षणाधिकाऱ्यांनी पुढे पाठवू नये.